‘नायिका मरते’ एवढ्याने शोकांतिका होत नाही

डिचोलीहून तुम्ही पाठवलेला आठ पानांचा आराखडा मी दोनदा वाचला. स्पायडरमॅनची चित्रपटमालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची झाली, तर ती शोकांत प्रेमकथा म्हणून कशी बांधावी, असा तुमचा प्रश्न आहे. तुमची मांडणी थोडक्यात अशी : पहिल्या चित्रपटात नायक पीटर पार्कर याला कोळी चावून शक्ती मिळण्यापासून सुरुवात, कॉलेजातील ग्वेन स्टेसीवर जडलेले प्रेम आणि शेवटी पुलावरून पडून तिचा मृत्यू, दुसऱ्या चित्रपटात नायकाचा सूड, तिसऱ्या चित्रपटात दुसऱ्या एका विश्वातून हुबेहूब तिच्यासारखी मुलगी येते आणि नायकाला त्याचे प्रेम परत मिळते. शेवटच्या पानावर तुम्ही एक पर्यायही सुचवला आहे, की हे कथानक गोव्यात आणावे आणि तो पूल म्हणजे मांडवीवरचा आपला अटल सेतू असावा.

मी गेली तीसेक वर्षे फोंड्यात नाटके लिहीत आणि बसवत आलो आहे आणि अलीकडे पटकथालेखनही शिकवतो. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे विवेचन कशासाठी आहे हे तुमच्या ध्यानात राहील. तुमच्या आराखड्यात प्रेम आहे, मृत्यूही आहे. पण त्या दोहोंना बांधणारी गाठ नाही आणि मृत्यूनंतरचा दुसरा दिवस नाही. सुपरहिरोच्या कथेत शोकांत प्रेम तेव्हाच उभे राहते, जेव्हा नायकाची शक्ती आणि त्याचे नाते एकाच दोरीची दोन टोके असतात आणि एक टोक ओढले की दुसरे आवळले जाते. ती दोरी तुमच्या मूळ कथेत आहे. तुम्ही ती पाहिली आहे, पण हातात घेतलेली नाही.

म्हणून आधी मूळ कथेकडे जाऊ. ग्वेनचा मृत्यू ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ या कॉमिक मासिकाच्या 1973 सालच्या 121व्या अंकात झाला. लेखक जेरी कॉनवे त्या वेळी जेमतेम विशीतला होता. चित्रे गिल केन यांची होती. खलनायक ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलाच्या मनोऱ्यावरून खाली ढकलतो. नायक वरून जाळ्याचा धागा सोडतो, धागा तिच्या पायांना जाऊन बसतो आणि ती हवेतच थांबते. त्या चौकटीत तिच्या मानेशेजारी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे : मोडल्याचा, ‘कट्’ असा. नायकाला तो ऐकू आलेला नाही. आपण तिला वाचवले या आनंदात तो तिला वर ओढून घेतो, तिच्याशी बोलत राहतो आणि मग ती उत्तर देत नाही हे त्याच्या लक्षात येते. पुढे वाचकांनी पत्रांतून विचारणा केली, तेव्हा 125व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादक रॉय थॉमस यांनी स्पष्ट केले, की मृत्यू पडण्यामुळे नव्हे, तर एकाएकी थांबण्यामुळे झाला.

यातील पदार्थविज्ञान समजून घेण्यासारखे आहे, कारण शोकांतिकेचे बी त्यातच आहे. नव्वद मीटर खाली आलेल्या शरीराचा वेग, हवेचा विरोध सोडून दिला, तर सेकंदाला सुमारे 42 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 150 किलोमीटर होतो. हा वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा, तर शरीरावर त्याच्या वजनाच्या आठ पटींहून अधिक ताण येतो, आणि धागा पायांना बांधलेला असला की त्याचा झटका मानेला बसतो. म्हणजे पाणी जे करणार होते, तेच धाग्याने केले. त्याच्याकडे जाळे नसते, तरी ती मेली असती. पण मग ती त्याच्या हातून मेली नसती. ज्या शक्तीने तो साऱ्या शहराला वाचवतो, तिच्याच एका सवयीच्या झटक्याने त्याचे माणूस जाते. तुमच्या आराखड्यात मात्र खलनायक तिला ढकलतो, नायक पोचेपर्यंत उशीर होतो आणि ती पाण्यात पडते. हा अपघात झाला. प्रेक्षक हळहळेल, पण नायकाच्या जागी स्वतःला ठेवून रात्रभर जागा राहणार नाही.

आता त्याच कथेतील दुसरा आवाज. याकडे चाहत्यांचे सहसा लक्ष जात नाही आणि माझ्या मते खरी प्रेमकथा तिथे आहे. पुढच्या, 122व्या अंकात गॉब्लिन स्वतःच्याच यंत्राने मरतो आणि नायकाला त्या मरणाने कसलेही समाधान मिळत नाही. तो घरी येतो, तर तिथे त्याची मैत्रीण मेरी जेन बसलेली असते. तोवर ही मुलगी हसणारी, कशातच न गुंतणारी, नाचगाण्यांत रमणारी म्हणून रंगवलेली. तो तिला नाही नाही ते बोलतो. तुला कुणाच्या मरणाचे काय, अशा अर्थाचे बोलून निघून जा म्हणतो. ती रडत दारापर्यंत जाते. दारावर हात ठेवते. आणि बाहेर पडण्याऐवजी दार आतून लावून घेते. त्या शेवटच्या चौकटीतही एक बारीकसा आवाज लिहिलेला आहे : दार लागल्याचा, ‘खट्’ असा. तिथेच अंक संपतो.

मानेचा आवाज आणि दाराचा आवाज, या दोहोंच्या मध्ये जे आहे, त्याला मी शोकांत प्रेमकथा म्हणतो. पहिला आवाज साऱ्यांना आठवतो, कारण तो धक्का आहे. दुसरा आवाज धीराने लिहावा लागतो.

ही गोष्ट मला कॉमिकमुळे नव्हे, तर दशावतारामुळे कळली, म्हणून जरा आडवळण घेतो. पेडणे तालुक्यातील एका देवळाच्या जत्रेत मी एक आख्यान पाहिले होते. रंगमंचावर नेहमीप्रमाणे एक बाकडे, मागे पडदा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. राजाचे काम करणारे नट वयस्क होते. पूर्ण पूर्वार्धभर ते बाकड्याच्या मधोमध बसत, कारण सिंहासनावर मध्येच बसायचे असते. राणी गेल्याची वार्ता आली, त्यांनी एक पद म्हटले, लोकांनी डोळे पुसले. पुढचा प्रवेश दरबाराचा होता. ते आले आणि बाकड्याच्या एका कडेला बसले. उरलेली अर्धी फळी रिकामी ठेवून त्यांनी प्रधानाशी राज्यकारभाराचे बोलणे सुरू केले, नेहमीच्याच चढ्या आवाजात. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद नट जागच्या जागी रचतात. त्यामुळे त्यांना असे बसायला कुणी सांगितलेले नव्हते. माझ्या शेजारच्या म्हातारीने त्या रिकाम्या फळीकडे पाहून पदर तोंडाला लावला. पदाच्या वेळी ती रडली नव्हती. तुमच्या दुसऱ्या चित्रपटात मला ही रिकामी फळी कुठेच सापडली नाही.

दशावताराचाच धागा धरून रीबूटच्या, म्हणजे मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याच्या, प्रश्नाकडे येतो. आपल्याकडचा प्रेक्षक रात्री अकरा वाजता देवळाच्या राजांगणात येऊन बसतो, तेव्हा त्याला आख्यान ठाऊक असते. शेवट काय आहे, कोण मरतो, कोणाला शाप मिळतो, सारे ठाऊक असते. पुन्हा तेच दाखवता, अशी तक्रार कुणी करत नाही, कारण तो ‘काय झाले’ हे पाहायला आलेला नसतो. या खेपेला राजा कसा बसतो, हे पाहायला आलेला असतो. चित्रपटमालिकेच्या रीबूटला लोक कंटाळतात, तेव्हा ते पुनरावृत्तीला कंटाळलेले नसतात. जी माहिती त्यांच्याकडे आधीच आहे, तीच बातमी म्हणून पुन्हा सांगितली जाते, याला ते कंटाळलेले असतात. 2002च्या स्पायडरमॅन चित्रपटात नायकाला कोळी चावला आणि त्याचे काका मेले. ती मालिका 2007 साली तिसऱ्या चित्रपटापाशी थांबली आणि अवघ्या पाच वर्षांनी, 2012 साली, नव्या नटांसह पुन्हा कोळी चावला आणि पुन्हा काका मेले. त्यानंतर 2016 साली टॉम हॉलंडचा स्पायडरमॅन दुसऱ्या नायकांच्या चित्रपटात आला, तेव्हा निर्मात्यांनी चावणे आणि मरणे दोन्ही गाळले, एकदोन वाक्यांत सूचित केले आणि कथा पुढे नेली. कुणाचेही काही अडले नाही.

तेव्हा पहिल्या चित्रपटातला कोळी चावण्याचा भाग काढून टाका. नायक अंगात शक्ती घेऊन, काका गमावून, कपडे वाळत घालताना दिसला तरी चालेल. ती जागा तुम्हाला प्रेमासाठी हवी आहे आणि प्रेमाला जागा फार लागते. ग्वेन कॉमिकमध्ये प्रथम आली ती 1965च्या 31व्या अंकात. म्हणजे मृत्यूपूर्वी सात वर्षांहून अधिक काळ वाचक दरमहा तिला भेटत होता. तिचे वडील गेले ते त्याने पाहिले होते, तिचे रुसणे पाहिले होते. चित्रपटाला सात वर्षे मिळत नाहीत, पण निदान एक पूर्ण चित्रपट मिळू शकतो. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी तिला मारू नका, हे मी आग्रहाने सांगतो. दोन तासांच्या ओळखीच्या मुलीसाठी पुढचे चार तास शोक करायला प्रेक्षकाला लावणे, हे त्याच्यावर ओझे टाकणे आहे.

असाच प्रकार ‘एक्स-मेन’ या सुपरहिरोंच्या गटातील जीन ग्रे या नायिकेच्या बाबतीत झाला. कॉमिकमध्ये 1976 साली अफाट शक्ती मिळून ती ‘फिनिक्स’ झाली आणि 1980 साली 137व्या अंकात तिने स्वतःचा अंत केला. चार वर्षे लेखक क्रिस क्लेअरमाँट यांनी तिची शक्ती आणि गटातल्याच सायक्लॉप्सवरचे तिचे प्रेम सोबत वाढू दिले. चित्रपटवाल्यांनी ही कथा 2006 साली एकदा आणि 2019 साली पुन्हा एकदा घेतली. दोन्ही वेळा ती एकेका चित्रपटात कोंबली आणि दोन्ही वेळा मरण पोचले, पण प्रेम पोचले नाही. एकाच कथेचा दोनदा एकाच कारणाने तोल जावा, हा आपल्यासाठी मोठाच धडा आहे.

2012च्या मालिकेतला दुसरा, 2014चा चित्रपट, ज्यात ग्वेन मरते, त्याबद्दल तुम्ही फार कठोर लिहिले आहे. मी तितका कठोर होणार नाही. पीटर झालेला अँड्रयू गारफील्ड आणि ग्वेन झालेली एमा स्टोन यांच्यातील नाते त्या दोन चित्रपटांत जितके जिवंत आहे, तितके या मालिकेत इतरत्र क्वचितच आहे. आणि एक गोष्ट तर त्यांनी कॉमिकपेक्षा चांगली केली. कॉमिकमध्ये ग्वेनला गॉब्लिन पळवून नेतो. ती बेशुद्ध असते आणि तिला बोलायलाही मिळत नाही. चित्रपटात ती स्वतःच्या निर्णयाने तिथे जाते. शहराची वीज पुन्हा सुरू कशी करायची हे तिला ठाऊक आहे, त्याला नाही. तो तिला गाडीला जाळ्याने बांधून ठेवतो, तरी ती सुटून येते आणि माझे निर्णय मी घेणार असे त्याला बजावते. ती मनोऱ्यातून पडते, तेव्हा जाळे पोचते, पण एका क्षणाने उशिरा. इथवर सारे जमले आहे. मग चूक कुठे झाली? तिच्या मरणानंतर नायक थडग्यापाशी उभा आहे, ऋतू बदलतात, आणि थोड्याच वेळात तो पुन्हा मुखवटा चढवून एका नव्या खलनायकापुढे उभा राहतो. पहिला आवाज त्यांनी मन लावून वाजवला आणि दुसरा गाळला. पुढच्या चित्रपटांची बीजे पेरण्याची घाई होती. ते चित्रपट मात्र कधी आले नाहीत, कारण फेब्रुवारी 2015मध्ये चित्रपट काढणारी सोनी आणि कॉमिकवाली मार्व्हल या कंपन्यांमध्ये करार होऊन पुन्हा नवा नायक ठरला.

आता तुमच्या ग्वेनबद्दल. आठ पानांत तिचे नाव चव्वेचाळीस वेळा आले आहे, मी मोजले. त्यांपैकी एकाही ठिकाणी तिला काय हवे आहे हे लिहिलेले नाही. ती हसते, ती काळजी करते, ती वाट पाहते, ती पडते. हा दोष माझ्याही लिखाणात होता आणि तो मला एका अभिनेत्रीने दाखवून दिला. उत्सवात करायच्या एका नाटकाच्या तालमीत, तिसऱ्या अंकात नायिका नायकासाठी प्राण देते असा प्रवेश होता. तिने वही बाजूला ठेवली आणि मला विचारले, “सर, मी या प्रवेशात मरायला येते की कशाला येते?” मी म्हटले, त्याला वाचवायला. ती म्हणाली, “ते त्याचं काम झालं. माझं काय काम होतं तिथं?” मला उत्तर देता आले नाही. तो अंक मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला घेतला आणि त्यापायी प्रयोग पुढच्या उत्सवावर गेला.

कॉमिकच्या जगात हाच प्रश्न 1999 साली लेखिका गेल सिमोन यांनी उपस्थित केला. नायकाच्या कथेला धार यावी एवढ्यासाठी ज्यांना मारले, अपंग केले किंवा ज्यांची शक्ती काढून घेतली, अशा स्त्रीपात्रांची त्यांनी यादी केली आणि तिला ‘फ्रिजमधील स्त्रिया’ असे नाव दिले. कारण 1994च्या ‘ग्रीन लँटर्न’च्या एका अंकात नायकाला त्याच्या प्रेयसीचे प्रेत फ्रिजमध्ये सापडते. ही टीका मृत्यूवर नाही. आपल्या नाट्यपरंपरेत नायिका मरतात. ‘एकच प्याला’मधली सिंधू मरते आणि 1919पासून आजवर ती मरण्याने कुणाला खोटी वाटलेली नाही. सिंधूने सुधाकराला न सोडण्याचा निर्णय आपण पाचही अंक पाहत असतो. तो निर्णय पटो वा न पटो, तो तिचा आहे, आणि सुधाकराचा प्याला हा सुधाकराचा आहे. दोघांच्या दोन हट्टांमधून ते घर कोसळते. तुमच्या ग्वेनला असा एक हट्ट द्या. ती शास्त्रज्ञ आहे. तिला दुसऱ्या देशात शिकायला जायचे असेल आणि ती नायकासाठी थांबणार नसेल, तर नायकाच्या शक्तीला पहिल्यांदाच असा प्रश्न पडेल, जो जाळे टाकून सुटत नाही.

सूडाच्या चित्रपटाबद्दल थोडक्यात सांगतो. मूळ कथेत सूड एका अंकात संपतो आणि त्याने नायकाची पोकळी भरत नाही. त्यावर पूर्ण चित्रपट उभा केला, तर तो प्रेमकथेपासून दूर जाईल. सूड अर्ध्या तासात संपवा. उरलेला काळ त्या दारापाशी द्या.

तुमचा तिसरा चित्रपट मात्र मला पूर्णपणे अमान्य आहे आणि त्याचे कारण नीट सांगायला हवे. गेलेली ग्वेन परत आणण्याचा प्रयोग कॉमिकमध्येच होऊन गेला आहे. वाचकांच्या आग्रहापुढे 1975 साली जेरी कॉनवे यांनीच तिची प्रतिकृती कथेत आणली आणि काही अंकांनंतर ती प्रतिकृती, आपण ती नव्हे हे कळून, शहर सोडून निघून गेली. ज्याने तिला मारले, त्यालाच तिला परत आणावे लागले, आणि परत आणल्यावर तिच्यासाठी कथेत जागा उरलेली नव्हती. दुसऱ्या विश्वातील ग्वेन ही कल्पना वाईट नाही. 2014 साली कॉमिकमध्ये अशी एक ग्वेन आली, पण तिथे कोळी तिला चावलेला आहे आणि मेला आहे तो पीटर. म्हणजे ती स्वतःचे दुःख घेऊन आली, कुणाच्या दुःखावरचे औषध म्हणून आली नाही. तुमच्या आराखड्यात ती औषध आहे.

तुम्हाला प्रेम परत मिळण्याचा क्षण हवा आहे, हे मी समजू शकतो. तोच क्षण उलटा लिहिता येतो. 2021च्या डिसेंबरात आलेल्या स्पायडरमॅनच्या चित्रपटाचा शेवट आठवा. जगाला वाचवण्यासाठी साऱ्यांच्या मनातून पीटर पार्कर पुसला जातो. त्याची प्रेयसीही त्याला ओळखत नाही. मी तुला शोधून सारे सांगेन, असे वचन त्याने दिलेले असते. काय बोलायचे ते कागदावर लिहून तो तिच्या कॉफीच्या दुकानात जातो. तिच्या कपाळावर, झालेल्या लढाईची जखम झाकणारी पट्टी आहे. तो ती पट्टी पाहतो, कॉफी घेतो आणि निघून जातो. कागद खिशातच राहतो. कुणीही मेले नाही आणि तरी ही शोकांत प्रेमकथा आहे.

मराठी प्रेक्षकाला या प्रसंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. आपली संगीत रंगभूमी 1880 साली ‘शाकुंतल’ने उभी राहिली, आणि त्या कथेत प्रियकर विसरलेला आहे, आठवण करून देणारी अंगठी पाण्यात हरवली आहे. या चित्रपटात अंगठी हरवलेली नाही. ती त्याच्याच हातात आहे आणि तो ती देत नाही. दोन हजार वर्षांच्या कथेला इतकीशी कलाटणी दिली, की नवे काही उभे राहते. रीबूट म्हणतात ते हेच.

याहूनही जवळचा नमुना कचदेवयानीचा आहे आणि सुपरहिरोची प्रेमकथा लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीने तो अभ्यासावा असे मला वाटते. खाडिलकरांनी 1913 साली ‘विद्याहरण’मध्ये तो रंगभूमीवर आणला. कच शत्रूच्या घरी संजीवनी शिकायला येतो. दैत्य त्याला मारतात, देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्य त्याला जिवंत करतात. शेवटी त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांच्याच पोटात जाते आणि तो बाहेर येतो तो विद्या घेऊनच. पण गुरूच्या पोटातून जन्मला म्हणून तो देवयानीचा भाऊ ठरतो. ज्या क्षणी शक्ती मिळाली, त्याच क्षणी, त्याच कारणाने प्रेम अशक्य झाले. देवयानी शाप देते, की ही विद्या तुला फळणार नाही; तो म्हणतो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. मेलेल्यांना उठवण्याची विद्या ज्याच्यापाशी आहे, पण जी त्याला स्वतःला वापरता येत नाही, असा नायक! आणि हे सारे तिच्या प्रेमामुळे, तिच्या रागामुळे झालेले. मी सुरुवातीला एकाच दोरीची दोन टोके म्हटले, ती अशी.

शोक नायकाच्याच वाट्याला यावा, असेही नाही. 2021 सालचा मल्याळम चित्रपट ‘मिन्नल मुरली’ पाहिला नसेल तर पाहा. एकाच रात्री दोघांवर वीज पडते आणि दोघांना सारखीच शक्ती मिळते. त्यांतील शिबू, ज्याला गाव वेडसर समजते, वर्षानुवर्षे उषाची वाट पाहत राहिलेला आहे. तिचा होकार मिळतो आणि लोकांनी लावलेल्या आगीत ती जाते. त्या घटकेपासून तो पुरता खलनायक होतो, आणि आपल्याला त्याचा राग येत नाही. तुमच्या दुसऱ्या चित्रपटातला सूड तुम्हाला ठेवायचाच असेल, तर तो खलनायकाकडे द्या आणि नायकाला त्याच्यात आपले प्रतिबिंब दिसू द्या.

आता गोव्यातील पर्यायाबद्दल. मांडवीवर पूल ही तुमची कल्पना मला आवडली, पण तुम्ही तो केवळ उंचीसाठी निवडला आहे. 2019 साली खुला झालेला अटल सेतू दिसायला भव्य आहे, केबलांवर तोललेला आहे, जाळे लटकवायला सोयीचा आहे, हे खरे. परंतु मांडवीच्या पुलाला आपल्याकडे आठवण आहे. 5 जुलै 1986 रोजी, ऐन पावसाळ्यात, जुना पूल कोसळला आणि 1992 साली नवा पूल सुरू होईपर्यंत पणजी आणि नदीपलीकडचे बेती यांच्यामधली फेरीबोट हे लोकांचे पाय होते. माझ्या पिढीतल्या कितीतरी ओळखी त्या फेरीच्या रांगेत झाल्या, आणि काही तिथेच संपल्याही. तुमची नायिका उंच पुलावरून पडण्यापेक्षा, फेरी सुटल्यावर धक्क्यावर राहिलेला माणूस आणि फेरीतला माणूस यांच्यामधले वाढत जाणारे पाणी तुम्ही दाखवले, तर गोव्यातील प्रेक्षक ते अंगावर घेईल. न्यूयॉर्कच्या कथेला तिचा पूल असू द्या. 1973च्या त्या अंकात मजकुरात एका पुलाचे नाव आहे आणि चित्रात दुसराच पूल दिसतो, तरी तो न्यूयॉर्कचाच वाटतो, कारण ते शहर त्या पानांत मुरलेले आहे. गोव्यात आणायचे असेल, तर नायकही येथलाच हवा, त्याची शक्तीही येथल्या मातीतली हवी. कोळी आणू नका.

याला व्यवहाराचीही एक बाजू आहे. स्पायडरमॅन हे पात्र मालकीचे आहे. आपल्या अभ्यासासाठी, मित्रांत वाचण्यासाठी तुम्ही त्यावर हवे तितके लिहा, त्याने हात वळतो. पण चित्रपट, लघुपट वा पुस्तक करून पैसे मिळवायचे म्हटले, की परवानगी लागते आणि ती मिळण्याजोगी नाही. कच, देवयानी, शकुंतला यांच्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

पुढचा खर्डा पाठवताना सारा आराखडा पुन्हा लिहू नका. एकच प्रवेश लिहा, तीन पानांत. तिला जाऊन चौदा दिवस झाले आहेत. नायक तिच्या घरी येतो, कारण तिची एक वही त्याच्याकडे राहिली आहे. दार तिची आई उघडते. मुलगी कुणाच्या हातून गेली, हे आईला ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे. आई त्याला आत बोलावते, जेवून जा म्हणते. या तीन पानांत त्याने शक्ती वापरायची नाही, कुणी रडायचे नाही, आणि ‘मृत्यू’ हा शब्द यायचा नाही. तो वही देतो की नाही, जेवतो की नाही, कुठल्या पाटावर बसतो, हे तुम्ही ठरवा. गणेशचतुर्थीच्या आधी पाठवलेत, तर उत्सवाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी मी ते वाचून, कडेला पेन्सिलीने खुणा करून परत पाठवीन.